राखणदाराच्या वहाणा

चोडण बेटावर आमचं एक गिऱ्हाईक असं होतं
ज्याला कुणी पाहिलं नव्हतं.

बाकीच्यांचे पाय दुकानात यायचे,
फेरीवरच्या खलाशाचे, मिठागरात फुटलेले,
पाद्रीबाबाचे, बंद बुटांतून निघालेले पांढरेफटक.
राखणदाराच्या नुसत्या वहाणा यायच्या,
वर्षातून एकदा, बांधावरच्या सातविणीखालून,
झिजलेल्या.

पुरसो मेस्त त्या मांडीवर घेऊन
तळव्यावर बोट फिरवत वाचायचा:
'डावी टाच. म्हणजे मानशीच्या दारापाशी
फार वेळ उभा होता, आषाढात पाणी धडका देत होतं.
हे मीठ वरच्या आगरातलं.
आणि हे बघ दुल्या, इथं काहीच नाही.
इथं तो बसला होता.'
'कुठे?'
'ते कातडं सांगत नाही. कातड्यालाही लाज असते.'

बाराव्या वर्षी मी दोऱ्याला मेण लावत होतो,
तेराव्या वर्षी रापीने अंगठा कापून घेतला,
सोळाव्या वर्षी मेस्त म्हणाला, यंदा तू कर.

सतरा रात्री जागलो.
लाल गोंडे. पट्ट्यावर आरीने टोचून काढलेला मोर.
तळात विंचू भरले, चालताना करकर वाजावं म्हणून.
राखणदार येतोय हे गावाला कळावं,
आणि वहाणा कुणी केल्या, तेही.
मेस्त विडी ओढत होता. 'छान,' म्हणाला.
तो कधी छान म्हणत नसे.

वर्षाने वहाणा परत आल्या
नव्याच्या नव्या.
गोंड्याचा एक धागा सुटलेला नाही.
फक्त मोराच्या मानेवर
काळं पडलेलं रक्त, रुपयाएवढं.

त्या वर्षी खाजनात दोनदा खारं पाणी शिरलं.
मला कुणी बोललं नाही.
कार्मेलीनबाय आली, कुजलेली एक लोंबी
उंबऱ्यावर ठेवून गेली.

'पाय न बघता वहाण केलीस.'
'तुम्ही तरी कुठे बघितलात?'
मेस्ताने विडी विझवली.
'अवसेला, भरती भरेल तेव्हा मानशीवर बस.
दिवा नको. झावळीची एक पट्टी ने.'

बसलो. दाराच्या फळ्या कण्हत होत्या,
चिखलात कुर्ल्या पुटपुटत होत्या.
पावलं वाजली नाहीत. फक्त बांध किंचित खचला,
जड माणूस बाजेवर टेकावा तसा,
आणि माझ्या मांडीवर एक पाय आला.

गार. मिठाच्या पाटीइतका जड.
भेगांत तिसऱ्यांच्या शिंपा,
एका भेगेत भाताचा कोंब.
करंगळी नव्हती.
कधी गेली, कशात गेली, विचारायला जीभ वळेना.
अंगठ्याच्या मुळाशी घट्टा, लिंबाएवढा,
आणि नेमका तिथेच
मी मोर काढला होता.

पट्टीला गाठी मारत गेलो. टाच. चवडा.
कमान उरलीच नव्हती.
बोटं थरथरत होती, माझी.
त्याचीही, थोडी.
घट्ट्यात जुना काटा लागला हाताला;
आरीच्या टोकाने काढला
तेव्हा पाणी वीतभर मागे सरलं.
नंतर मांडी हलकी झाली,
आणि ओली.

दुसऱ्या वहाणा साध्या केल्या.
घट्ट्यासाठी खळगा.
करंगळीची जागा मात्र ठेवली, उगाच.
मेस्ताने हात फिरवला,
छान म्हणाला नाही. जेवायला चल म्हणाला.

वर्षाने त्या आल्या, तेव्हा मेस्ताला दिसत नव्हतं.
डाव्या टाचेला आरपार भोक.
त्यातून मी बाहेर बघितलं:
हिरवं खाजन, एक बगळा, फेरीचा धूर.

मग मांडीवर घेऊन मोठ्याने वाचू लागलो.
आगर, मानस, पुन्हा मानस, सातवीण.
एका ठिकाणी काहीच नव्हतं.
'इथं तो बसला होता,' म्हणालो.

कुठे, ते मला कळलं होतं.
मेस्ताने विचारलं नाही.